धोंड्याचा महिना

फ्रॉस्टर्लीच्या ओढ्याला त्या उन्हाळ्यात
पाणी नव्हतंच जवळजवळ.
उघडा पडलेला खडक राखाडी, खरबरीत,
कुणीही न बघता ओलांडावा असा.
एडविन व्हायपाँडने थर्मास उघडला
आणि उरलेला चहा त्यावर ओतला.

आधी काळं झालं. मग काळ्यात पांढरं.
एकेक वाटोळं, वाटोळ्यात चाकासारखे आरे,
कडेला बुडबुड्यांची बारीक वीण,
मधोमध कोळ्याने अर्धवट सोडलेला गुंता.
मी म्हणाले, अनारसा.
काय, त्याने विचारलं.
तांदळाचा, गुळाचा, तुपात सोडला की जाळी पडते त्याला.
तो म्हणाला, आम्ही खाणीत ह्याला एडक्याचं शिंग म्हणायचो,
उभं कापलं गेलं तर.
आडवं गेलं तर फूल.
करवत कुठून जाते, त्यावर नाव.

शिंगाच्या तोंडाशी, वरच्या वाटीत,
तेवढाच काय तो जीव. मऊ, इवल्या हातांचा.
खाली सगळी त्यानेच सोडलेली घरं.
थोडा वर सरकायचा,
पायाखाली चुन्याचा पापुद्रा घालायचा,
पुन्हा सरकायचा.
मजल्यावर मजला, आणि बिऱ्हाड कायम गच्चीवर.
आतले पडदे चाराच्या हिशेबाने वाढत गेलेले.
आजची पोवळी सहाने मोजतात.
चाराने मोजणारं
एकही उरलं नाही.

तेव्हा हे डोंगर नव्हते, त्यांवरच्या मेंढ्या नव्हत्या.
हीच जमीन विषुववृत्ताशी,
कोमट उथळ समुद्राखाली,
तळाला लापशीसारखा गाळ.
धरून राहायला काही नाही.
वादळ आलं की शिंग आडवं.
गाडलं गेलं ते गेलं;
राहिलं ते पडल्या जागेवरून वर वळायचं,
म्हणून हा बाक.
इथे पडलं, व्हायपाँडने बोट ठेवलं,
आणि हे बघ, इथून परत.

चौऱ्याहत्तर साली खाणीत शिडी सरकली,
तेव्हापासून तो कमरेत वाकलेला आहे.
मी काहीतरी बोलणार होते.
"नको," तो म्हणाला, "मी नाही वळलो वर.
मी पेन्शन घेतली."

घरी आल्यावर त्याने दिलेलं सुटं शिंग,
भिंग, टेबलावरचा दिवा.
सालीवर केसाएवढ्या रेघा.
एक रेघ म्हणजे एक दिवस, असं मानतात.
पृथ्वी तेव्हा भरभर फिरायची, दिवस आखूड,
वर्षाला तीनशे नव्वदच्या आसपास.
म्हणजे दरसाल जवळजवळ एक अधिक महिना,
पंचांग न उघडता,
कुणाला जेवायला न बोलावता.
दोनशे अकराला डोळे चुरचुरले, मोजणी चुकली.

तेवढ्यात साताऱ्याहून आईचा फोन.
यंदा धोंडा आहे गं.
तेहतीस अनारसे पार्सलने पोचतील का तुमच्याकडे?
जावयाला सांग, चांदीची वाटी घेऊन ठेवलीय.

जावई मार्चपासून न्यूकॅसलला राहतो.
तिला अजून कळवलेलं नाही.

मी म्हणाले, कशाला एवढी दगदग,
मीच करीन इथे.
तिकडे कुठलं, आई म्हणाली, तुमच्या त्या गारठ्यात
पीठ मुरत नाही धड,
आणि न मुरलेला अनारसा तुपात हसतो.
फुटून तुकडे तुकडे होतो नुसता.
मी इथूनच तळून देते.

बरं, मी म्हणाले.
दिव्याखाली शिंग होतं तसंच,
कोरडं, राखाडी,
बाकावर टेकलेलं.